साथीचे दिवस आणि आपली तरुण पिढी

महोत्सवाच्या पुस्तिकेंत देवळाचा पाया केव्हां घातला, घंटा कोणीं अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरू येऊन सेवा करून गेले, हें सर्व लिहिण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. परंतु धर्मग्रामाचा इतिहास म्हणजे केवळ दगडचुन्याची हकीकत नव्हे. ज्या वर्षीं देवळाचीं दारें बंद राहिलीं, त्या वर्षाचीही हकीकत कोणीतरी लिहून ठेवावयास हवी. २०२० सालची महामारी आपणांपैकीं प्रत्येकानें पाहिली. तिच्यांत वृद्ध माणसें अधिक दगावलीं हें खरें, परंतु तिचा दीर्घकाळ टिकणारा घाव कोणावर बसला असें विचारल्यास उत्तर निराळें येतें. तो तरुणांवर बसला. आणि हें कांहीं प्रथमच घडलें असें नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पाचोड हें पैठण तालुक्यांतील गांव. जिल्ह्याच्या शहराहून बीडकडे जाणारी मोठी सडक येथून जाते, आणि मोसंबीची पेठ म्हणून आसपासच्या मुलखांत त्याचें नांव आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा प्रांत निजामाच्या राज्यांत मोडत असे. अशा गांवांत जुन्या काळीं पटकी किंवा प्लेग आला म्हणजे लोक काय करीत, हें आपल्या आज्याआजोबांच्या तोंडून आपण ऐकलेलें आहे. मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडावयाचा; उंदीर पडूं लागले कीं घरांस कडी लावून सारा गांव रानांत झोपड्या घालून राहावयाचा. देवीचा भाग सोडून दिला तरी, गांव सोडून मोकळ्या हवेंत राहण्याच्या त्या रीतींत शहाणपण होतें. पुढें सरकारी वैद्यांनींही तोच उपाय सांगितला. येथें एक गोष्ट मात्र नमूद करावीशी वाटते. आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबांचे पूर्वज आधींपासूनच गांवकुसाबाहेर राहत होते. प्लेगाच्या महिन्यांत गांवानें जें काल्पनिक नव्हे तर खरेंखुरें बाहेरचें जिणें चार महिने भोगलें, तें त्यांच्या नशिबीं बारा महिने होतें. साथ ओसरल्यावर गांव आंत परतला. ते बाहेरच राहिले.

प्लेग प्रथम मुंबईंत १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत उघडकीस आला. ही गांठीची व्याधि प्लेगच होय, असें निदान करून निर्भयपणें जाहीर करणारे डॉक्टर आकासियो गाब्रिएल व्हिएगास हे मूळचे गोव्याचे कॅथलिक गृहस्थ होते, हें आपल्या मुलांना क्वचितच कोणी सांगतें. पुढच्याच वर्षीं, १८९७ सालीं, साथरोगांचा कायदा झाला. घरें तपासणें, माणसें उचलून वेगळीं ठेवणें, सामान जाळणें, असे विलक्षण अधिकार त्या कायद्यानें अंमलदारांस दिले; आणि सव्वाशें वर्षांनंतर, २०२० च्या मार्च महिन्यांत, महाराष्ट्र सरकारनें निर्बंध लागू केले तेही याच जुन्या कायद्याच्या आधारानें.

पुण्यांत त्या अधिकारांचा जो कठोर उपयोग झाला, त्याला तरुणांनीं दोन प्रकारें उत्तर दिलें. चापेकर बंधूंनीं २२ जून १८९७ रोजीं प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली आणि तिघेही भाऊ फासावर गेले. ही कथा शाळेच्या पुस्तकांत आहे. दुसरें उत्तर कमी गाजलें. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनीं पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूस रोग्यांसाठीं दवाखाना उघडला, आणि मुंढव्याच्या वस्तींतील एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घालून सावित्रीबाईंनीं तेथें आणलें. त्यांतच त्यांना रोग जडला व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्याच वर्षीं पंडिता रमाबाईंना पुण्यांतील आपल्या मुली केडगांवला हलवाव्या लागल्या. आणि प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांस कसें वागविलें जातें याविषयीं त्यांनीं वर्तमानपत्रांत उघड पत्र लिहिलें. ख्रिस्ती स्त्रीनें ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सरकारास जाहीर जाब विचारावा, हें त्या काळीं लहान धैर्य नव्हतें. साथ आली कीं तरुण मुलींची अब्रू आणि सुरक्षितता प्रथम धोक्यांत येते, हें रमाबाईंनीं ओळखलें होतें. या मुद्द्याकडे आपणांस पुढें परत यावयाचें आहे.

मुंबईच्या ईस्ट इंडियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक बांधवांनीं त्या वर्षांत आपापल्या गांवठाणांत क्रूस उभे केले. वांद्रें, माझगांव, गिरगांव येथील गल्लीबोळांत ते आजही उभे आहेत, आणि प्लेगचे क्रूस याच नांवानें ओळखले जातात. सायंकाळीं शेजारपाजार जमून तेथें जपमाळ म्हणत असे. कांहीं सुशिक्षित लोक या क्रूसांकडे भोळेपणाचें चिन्ह म्हणून पाहतात. आम्हांला तसें वाटत नाहीं. घराघरांत मरण शिरलेलें असतां उघड्यावर, एकमेकांच्या दृष्टीसमोर उभें राहून प्रार्थना करण्याची ती जागा होती. आणि शोक करण्यास जागा लागतेच.

आपल्या गोदातीराकडे संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरू नागपूर धर्मप्रांतांतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आले आणि घोगरगांव हें त्यांचें प्रमुख ठाणें झालें. म्हणजे या मिशनचें बाळपण आणि त्या काळचा प्लेग व १८९९-१९०० चा घोर दुष्काळ हीं एकाच काळांतलीं आहेत. ज्या श्रद्धेचा महोत्सव आपण आज साजरा करीत आहों, तिचीं मुळें सुकाळांत नव्हे, तर आपत्तींत रुजलेलीं आहेत. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं, १९७७ सालीं.

आतां १९१८ कडे वळूं. त्या वर्षीं जूनमध्यें इन्फ्लुएंझा मुंबईच्या बंदरांत उतरला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांतील दुसरी लाट इतकी भयंकर निघाली कीं ६ ऑक्टोबर या एका दिवसांत मुंबई शहरांत ७६८ माणसें दगावल्याची नोंद आहे. हिंदुस्थानांत एकंदर किती माणसें गेलीं याचे अंदाज भिन्न आहेत, तरी ते सव्वा कोटीच्या खालीं फारसे येत नाहींत. १९११ ते १९२१ या दशकांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली. खानेसुमारीच्या इतिहासांत असें दुसरें दशक नाहीं. परंतु या साथीचा खरा विशेष निराळाच होता. सामान्य फ्लू लहान मुलें व म्हातारीं माणसें नेतो; या फ्लूनें वीस ते चाळीस वयाचीं धडधाकट माणसें नेलीं, आणि आपल्या देशांत पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक गेल्या. आजाऱ्याची सेवा करणारी तीच, स्वतः उपाशी राहणारीही तीच. शिवाय त्या वर्षीं पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महागलें होतें. तरण्या आया गेल्या, म्हणून पुढच्या वर्षीं पाळणेही कमी हलले. त्या दिवसांत मुंबईंत ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे स्वयंसेवक चाळीचाळींतून औषध व मदत पोंचवीत फिरत होते. खेड्यांत असें कोणी नव्हतें. तेथें शेजारधर्म होता किंवा कांहींच नव्हतें.

येथें एका संताची आठवण आल्याशिवाय राहत नाहीं. संत आलोयसियस गोंझागा यांची तसबीर आपल्या पुष्कळ घरांत असते: कोंवळा चेहरा, हातांत शुभ्र लिलीचें फूल, डोळे क्रूसावर खिळलेले. त्या फुलामुळें आपल्या मुलांचा असा समज होतो कीं हा तरुण जगापासून दूर पळून देवघरांत बसला. वस्तुस्थिति उलट आहे. १५६८ सालीं इटलींतील कास्तिल्योने येथें जहागीरदाराच्या घरीं तो थोरला मुलगा म्हणून जन्मास आला. १५८५ सालीं वारसा धाकट्या भावाच्या नांवें करून तो येशू संघांत शिरला. आणि १५९१ सालीं रोमेंत दुष्काळामागोमाग साथ पसरली तेव्हां झोळी घेऊन दारोदार रोग्यांसाठीं भीक मागूं लागला. वरिष्ठांनीं तरुण बंधूंना सांसर्गिक रोग्यांजवळ जाण्यास मनाई केली होती. त्यानें पुनः परवानगी मागितली, आणि ज्या इस्पितळांत असे रोगी घेत नसत तेथेंच जाण्याची त्याला मुभा मिळाली. तेथें एका आजाऱ्यास त्यानें उचलून घेतलें. तो माणूस साथीनेंच पछाडलेला होता. २१ जून १५९१ च्या सुमारास, तेविसाव्या वर्षीं, आलोयसियस गेला. १७२९ सालीं पोप तेरावे बेनेडिक्ट यांनीं त्याला तरुणांचा आश्रयदाता संत ठरविलें. त्याच्या हातांत फुलाऐवजीं एखादा रोगी दिला असता तर चित्र अधिक खरें झालें असतें, असें आमचें मत आहे. वरिष्ठांची काळजी आणि तरुणाची तळमळ या दोन्ही त्या कथेंत आहेत, आणि दोघांचाही मान राखूनच ती वाचली पाहिजे.

२०२० च्या मार्चमध्यें जें झालें तें सर्वांच्या स्मरणांत ताजें आहे. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण बंद दारांआड पाळावा लागला. त्याच्या थोडें आधीं, २७ मार्च रोजीं, पोप फ्रान्सिस यांनीं पावसांत भिजलेल्या, एकही माणूस नसलेल्या संत पेत्राच्या चौकांत उभें राहून जगाला आशीर्वाद दिला. तेथें मांडलेला लाकडी क्रूस १५२२ च्या प्लेगांत रोमच्या रस्त्यांतून मिरवणुकीनें नेलेला होता. आपल्याकडे पैठणच्या नाथांच्या पादुका आषाढीला पायीं न जातां एस.टी.च्या मोटारींतून पंढरीस गेल्या. वारकरी घरीं, आपण घरीं. शेजाऱ्यांचें दुःख तेवढ्यापुरतें तरी एका जातीचें झालें.

तरुणांच्या वांट्यास काय आलें, तें पाहूं. त्या वर्षीं शालान्त परीक्षेचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो प्रथम पुढें ढकलला, मग रद्दच झाला. पुढच्या वर्षीं, २०२१ सालीं, दहावीची संबंध परीक्षाच झाली नाहीं. २०१९ सालीं राज्यांत शेंकडा ७७.१० विद्यार्थी उत्तीर्ण झाले होते. २०२० सालीं ९५.३०, आणि परीक्षा न होतां २०२१ सालीं ९९.९५. कागदावर पाहिलें तर यापेक्षां भाग्यवान पिढी नाहीं. पण ज्यांना असें उत्तीर्ण केलें गेलें त्या मुलांनाच विचारा. आपण खरोखर काय शिकलों हें त्यांचें त्यांनाही सांगतां येत नाहीं, आणि पुढें कोणी त्यांच्या गुणपत्रिकेकडे पाहून सूचक हंसलें म्हणजे त्यांना जें लागतें तें आपणां मोठ्यांस सहज समजत नाहीं. शाळा फोनमध्यें शिरली. ज्या घरीं एकच फोन आणि तीन मुलें, तेथें तो बहुधा मुलाच्या हातीं गेला, मुलीच्या नव्हे.

८ मे २०२० ची पहाट तर या जिल्ह्याच्या इतिहासांतून पुसली जाणार नाहीं. जालन्याच्या लोखंडी कारखान्यांत काम करणारे मध्य प्रदेशांतील मजूर गांवीं जाणारी आगगाडी मिळेल या आशेनें रेल्वेच्या रुळांवरून भुसावळकडे पायीं निघाले होते. गाड्या बंद आहेत अशा समजुतीनें थकून ते करमाडजवळ रुळांवरच निजले, आणि मालगाडीखालीं सोळाजण ठार झाले. दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत रुळांवर विखुरलेल्या भाकरींचें छायाचित्र होतें. ते कोणत्या धर्माचे, कोणत्या जातीचे, हें त्या दिवशीं कोणीं विचारलें नाहीं. करमाड आपल्यापासून दूर नाहीं. आपल्याही घरचीं मुलें ऊसतोडीला, विटभट्टीला, पुण्याच्या कारखान्यांना जातात. त्या रुळांवर आपलेंही पोर असूं शकलें असतें.

आतां मुलींविषयीं. येथें पाचोडचाच एक अध्याय आहे आणि तो अभिमानानें सांगण्यासारखा आहे. डॉक्टर अशोक द्यालचंद यांच्या पुढाकारानें गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून येथें ग्रामीण आरोग्याचें काम उभें राहिलें, आणि पुढें त्यांतूनच इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड, ही संस्था नांवारूपास आली. या संस्थेनें विसाव्या शतकाच्या अखेरीस आसपासच्या खेड्यांतील अविवाहित मुलींसाठीं, विशेषतः ज्यांची शाळा सुटली होती त्यांच्यासाठीं, रोज सायंकाळीं तासभर चालणारा वर्षभराचा शिक्षणक्रम सुरू केला. शिकविणाऱ्या बायाही गांवांतल्याच. फार शिकलेल्या नव्हेत. आरोग्य, आहार, ग्रामपंचायत व बँक यांचे व्यवहार, घरांत आपलें म्हणणें कसें मांडावें, असे साधे विषय. परिणाम मात्र साधा नव्हता. १९९७ सालीं या भागांत होणाऱ्या लग्नांपैकीं शेंकडा ८०.७ लग्नांत नवरी अठरा वर्षांखालची असे. २००१ सालीं तें प्रमाण ६१.८ वर आलें, आणि मुलींच्या लग्नाचें मध्यम वय सोळावरून सतरावर गेलें. एक वर्ष म्हणजे काय मोठेंसें, असें कोणी म्हणेल. ज्या मुलीला तें एक वर्ष मिळालें तिला तसें वाटणार नाहीं.

याच संस्थेची दुसरी एक युक्ति आम्हांला फार मार्मिक वाटते. खेड्यांतील माणसाला ‘तुम्हांला किती बरें वाटतें, एक ते पांच यांपैकीं सांगा’ असें विचारलें तर तो गोंधळतो. परंतु ‘रुपयांतले किती पैसे?’ असें विचारलें कीं अशिक्षित बाईही झटकन् ‘बारा आणे’ किंवा ‘चाळीस पैसे’ असें सांगते. ही रीत ‘पाचोड पैसा मापन’ या नांवानें अभ्यासकांत ओळखली जाते. महामारीच्या वर्षांत मुलांच्या मनाची स्थिति काय होती, हें आपण याच मापानें विचारावयास हवें होतें. ‘उदास आहेस का?’ या प्रश्नाला आपलीं मुलें ‘नाहीं’ म्हणतात. मनाच्या दुखण्यासाठीं आपल्या घरांत ‘नाटक’ आणि ‘आळस’ याखेरीज फारसे शब्दच चालत नाहींत. कामधंदा गेलेला बाप, खोलीबाहेर न पडणारा मुलगा, आणि अंत्यविधीला चार माणसेंही न जमलेलें एखादें घर, यांची किंमत रुपयांत किती पैसे लागली असती?

मुलींच्या प्रश्नाकडे परत येऊं. महामारीच्या उंबरठ्यावर, २०१९ च्या उत्तरार्धांत, महाराष्ट्रांत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तींत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकीं अठरा वर्षांआधीं लग्न झालेल्यांचें प्रमाण राज्यांत शेंकडा २१.९ होतें; आपल्या शेजारच्या बीडमध्यें ४३.७ आणि परभणींत ४८. म्हणजे साथ यावयाच्या आधींच आपला मराठवाडा या बाबतींत मागें होता. मग शाळा बंद झाली. लग्नास पन्नासांहून अधिक माणसें बोलावतां येईनात. पुष्कळ बापांनीं हिशेब केला: जेवणावळ नाहीं, मांडव नाहीं, वाजंत्री नाहीं, एवढ्या थोड्या खर्चांत पुनः केव्हां उरकणार? पोरगी घरांत रिकामी बसली आहे, उसाच्या फडावर जातांना तिला मागें कोणाजवळ ठेवावी? जो निर्बंध जीव वांचविण्यासाठीं घातला, त्याच्याच सोयीनें पंधरा-सोळा वर्षांच्या मुली बोहल्यावर चढल्या. कित्येक लग्नें ऐन वेळीं पोलिसांनीं व मुलांसाठीं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनीं थांबविलीं. न थांबलेलीं किती, तें ज्या त्या गांवास ठाऊक. बापांना दुष्ट ठरविणें सोपें आहे. त्यांची भीति खरी होती आणि दारिद्र्यही खरें होतें. परंतु भीतीची किंमत मुलीनें भरावी, हा कोणता न्याय?

आपल्यांपैकीं कांहीं म्हणतात कीं हा प्रश्न इतरांचा आहे, ख्रिस्ती घरांत असें होत नाहीं. या बोलण्यावर आमचा विश्वास नाहीं. ख्रिस्तसभेच्या धर्मनियमांत वराचें किमान वय सोळा व वधूचें चौदा असें सर्व जगासाठीं लिहिलेलें आहे. त्याचा आधार घेऊन वाद घालणारेही भेटतात. त्यांनीं पुढचाही नियम वाचावा. देशाच्या कायद्यास जो विवाह मान्य होणार नाहीं, तो निकडीचा प्रसंग सोडून महागुरुस्वामींच्या परवानगीवांचून लावण्यास धर्मगुरूस मनाई आहे. आणि या देशांत १९७८ पासून मुलीचें वय अठरा व मुलाचें एकवीस पूर्ण झालेलें लागतें. पोप फ्रान्सिस यांनीं २०१९ सालीं तरुणांना उद्देशून लिहिलेल्या ‘ख्रिस्तुस विवित’ या पत्रांत तरुण म्हणजे केवळ उद्याची ख्रिस्तसभा नव्हे, ते आजचीही आहेत, असा आशय मांडलेला आहे. आजच्या सभासदाला विचारल्याशिवाय त्याचें आयुष्य ठरवितां येत नाहीं.

लसीचा अध्याय थोडक्यांत सांगतों. १८९७ च्या जानेवारींत हाफकिन यानें मुंबईंत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. २०२१ च्या जानेवारींत पुण्यांत तयार झालेली लस देशभर गेली, मे महिन्यापासून अठरा वर्षांवरील सर्वांस खुली झाली, आणि पंधरा ते अठरा वयाच्या मुलांची पाळी ३ जानेवारी २०२२ रोजीं आली. वडीलधाऱ्यांच्या मनांत नाना शंका असतां पुष्कळ घरांत मुलामुलींनींच आजीआजोबांचीं नांवें फोनवरून नोंदवून दिलीं. आशाताई दारोदार फिरल्या. ज्या फोननें शाळा हिरावली, त्यानेंच एवढी तरी भरपाई केली.

२०२० सालीं पंधरा वर्षांची असलेली मुलगी २०२५ सालीं वीस वर्षांची झाली. सरकारी पाहणींत ज्या वयाच्या स्त्रियांना ‘तुझें लग्न कितव्या वर्षीं झालें?’ असें विचारतात, त्या वयांत ती आतां आली आहे. पुढची पाहणी होईल तेव्हां टाळेबंदींतील लग्नांचा आंकडा तिच्या तोंडून निघेल. पण आपल्या धर्मग्रामांत त्यासाठीं सरकारी पाहणीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. लग्नापूर्वीं धर्मगुरू बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, त्यावर जन्मतारीख असते. आणि विवाह झाल्यावर त्याची नोंद मूळ बाप्तिस्म्याच्या वहींत त्या नांवासमोर परत लिहिली जाते. एकाच ओळींत दोन तारखा. २०२० आणि २०२१ या सालांतील विवाहांच्या त्या नोंदी धर्मगुरूंना उघडून पाहतां येतील. वही कार्यालयाच्या कपाटांत आहे.